तळं राखील तो...

‘‘ते डबकं एकदाचं बुजवून टाका हो! माझ्या नातवाच्या जिवावर उठलंय ते!’’

शेजारच्या काकू कुंपणाच्या भिंतीपलीकडून ओरडल्या आणि माझ्या हातातलं नैवेद्याचं ताट तसंच राहिलं. २०२२ सालचा भाद्रपद. घरात गौरी जेवणार होत्या, पुरणाचा वास दरवळत होता आणि काकूंचा सात वर्षांचा नातू डेंग्यूनं आजारी होऊन साताऱ्याला दवाखान्यात होता. प्लेटलेट्स उतरत होत्या. काकूंचे डोळे रडून रडून सुजलेले. त्यांच्याशी वाद घालायची ती वेळच नव्हती. आणि खरं सांगू? वाद घालायला माझ्याकडे मुद्दाही नव्हता.

वाईच्या अलीकडे, कृष्णाकाठी आमचं गाव. जुना दगडी वाडा, मागे मोठं परस आणि परसात विहिरीलगत चौदा फूट लांब, दहा फूट रुंद आणि पाच फूट खोल असं दगडी टाकं. घरात सगळे त्याला ‘तळं’च म्हणतात. वाड्याच्या पागोळ्यांचं पाणी पन्हळीतून त्यात यायचं, उरलेलं विहिरीतून शेंदून भरायचं. २००१ साली मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचा तळ दिसायचा. दुपारी सगळे झोपले की मी पायरीवर पाय सोडून कादंबरी वाचत बसायची. मी बी.ए. मराठी, तेवढीच माझी चैन!

त्या तळ्याचं डबकं कुणी केलं? दुसऱ्या कुणी नाही, मीच. २०१४ साली आम्ही सहलीला गेलो होतो. नदीत जांभळ्या फुलांचे ताटवेच्या ताटवे. प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. मी भुलले. दोन रोपं पिशवीत घालून आणली आणि कौतुकानं तळ्यात सोडली. ती जलपर्णी होती, मैत्रिणींनो! मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्या रूपाला भुलूनच माणसांनी ती जगभर नेली, त्यात माझाही हातभार लागला. अनुकूल हवा मिळाली तर दोन आठवड्यांत दुप्पट होणारी ही वनस्पती. पहिल्या वर्षी दोनाची वीस झाली तेव्हा मी मैत्रिणींना वाटली. तिसऱ्या वर्षी पाणी दिसेनासं झालं. मग कडेनं पाणकणीस माजलं, भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला, त्याच्या मुळांनी दगड ढकलले. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले, माझं बचत गटाचं काम वाढलं, लेकीची दहावी-बारावी आली. परसाकडे जाणंच बंद झालं. नजरेआड गेलं की मनाआड जातं, ते असं.

उखळातलं पाणी

काकूंचा नातू बरा होऊन घरी आला, देवाची कृपा. पण दोन घरांमधला दरवाजा बंद झाला. गौरीच्या हळदीकुंकवाला काकू आल्या नाहीत, मी दिवाळीचा फराळ पाठवला तो तसाच परत आला. चाळीस पावलांवरचं घर, पण समोर दिसल्या की त्या मान वळवायच्या.

आमच्या ह्यांनी तर हिशेबच मांडला. ‘‘दोन ट्रॉली मुरूम, वर फरशी. आठ हजारांत काम होतंय. गाडी लावायला जागा होईल.’’ मीही जवळजवळ ‘हो’ म्हणाले होते. तेवढ्यात गावातल्या आशाताई घरोघर पाणी तपासत आल्या. त्यांच्याबरोबर मी परसात गेले. त्यांनी तळ्यातलं पाणी पांढऱ्या वाडग्यात घेतलं. डासांच्या अळ्या वळवळत होत्याच. ‘‘पण ताई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘घाण पाण्यातले डास वेगळे. जलपर्णीच्या मुळांना चिकटून वाढणारेही असतात. हे सगळे वाईटच. पण डेंग्यूचा डास जास्त करून साठवलेल्या, स्वच्छ पाण्यात होतो. कुंड्यांच्या ताटल्या, टायर, फ्रिजमागचा ट्रे, असलं काही बघू या.’’

आणि मग घाणेरीच्या झुडपाखाली त्यांना सापडलं आमचंच जुनं दगडी उखळ. कधीकाळी स्वयंपाकघरातून काढून परसात नेऊन ठेवलेलं. पावसाचं नितळ पाणी त्यात साठलं होतं. आशाताईंनी ते वाडग्यात ओतलं. बारीक बारीक अळ्या, वाटीभर तरी. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसाढवळ्या चावणारा तो डास अशाच पाण्यात अंडी घालतो. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी होऊन महिनोन्‌महिने टिकतात. कडा खसाखसा घासाव्या लागतात.

काकूंच्या नातवाला चावलेला डास आमच्या उखळातला होता की दुसरीकडचा, हे कुणीच सांगू शकलं नसतं. पण मी गावोगाव बचत गटाच्या बैठकांत ‘परिसर स्वच्छ ठेवा’ म्हणून सांगणारी बाई. माझ्याच परसात हे! त्या रात्री मला झोप लागली नाही.

सासूबाईंचं बहात्तर साल

सकाळी मी सासूबाईंना म्हटलं, ‘‘आई, बुजवून टाकू या तळं.’’ ऐंशीच्या घरातल्या आई क्षणभर गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘बुजवा. तुमचं घर आहे. पण बहात्तरच्या दुष्काळात ह्या टाक्यानं गल्लीतली जनावरं जगवली एवढं ध्यानात ठेव.’’

हे मला माहीतच नव्हतं. १९७२ साली पाऊस गेला, विहिरीनं तळ गाठला. रात्रभर जे काही झिरपायचं ते आई पहाटे चारला उठून शेंदायच्या आणि टाक्यात ओतायच्या. मग गल्लीतली गुरं पाळीपाळीनं पाण्यावर यायची. ‘‘एकटीला कुठलं जमतंय? शेजारची माझ्याबरोबर असायची. एक घागर तिची, एक माझी.’’ शेजारची म्हणजे काकूंच्या सासूबाई! त्यांना जाऊन आता पंधरा वर्षं झाली.

मी तिथंच ठरवलं. बुजवायचं नाही, नीट करायचं. ह्यांनी कपाळाला हात लावला. ‘‘पैसे?’’ ‘‘माझ्या ठेवीतले,’’ मी म्हटलं.

दगड कुठून आणायचे?

पिंपळानं एक बाजू पार ढासळली होती. नव्या विटा, सिमेंट लावून झटपट काम झालं असतं. पण गावातले पाथरवट मामा आले, साठी ओलांडलेले, बापजाद्यांपासून दगडात आयुष्य गेलेलं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘तीन बाजू काळ्या दगडाच्या आन् एक सिमिटाची? ठिगळ दिसंल, वैनी. आसलाच घडीव दगड गावतोय का बघा.’’

असला दगड होता. भिंतीला लागूनच होता. पण तो मागायचा कसा? वाड्याचा पूर्वेकडचा भाग वाटणीत धाकट्या दिरांकडे गेलेला. ते पुण्याला असतात. वाटणीच्या वेळी नको ते शब्द गेले आणि सहा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. २०२१ च्या जुलैत जो भयंकर पाऊस महाबळेश्वर-वाईच्या पट्ट्यात कोसळला, त्यात त्यांची मागची भिंत पडली. दगडांचा ढीग तसाच गवतात पडून होता.

चार दिवस मोबाइल हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा, असं चाललं. शेवटी लावला. ‘‘भाऊजी, मी बोलतेय.’’ पलीकडे शांतता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तळं, नातू, उखळ, आईंचं बहात्तर साल... आणि म्हटलं, ‘‘बाजारभावानं पैसे देईन.’’ बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, ‘‘वहिनी, त्याच टाक्यात मी पोहायला शिकलो. दगडाचे कसले पैसे घेताय? घेऊन जा. फक्त उंबऱ्याचा दगड तेवढा माझ्यासाठी ठेवा.’’ फोन ठेवल्यावर मी पदरात तोंड खुपसून रडले. दगड मागायला गेले आणि माणूस परत मिळालं.

जुने दगड वापरायचे म्हटलं की एक पथ्य मात्र मामांनी पहिल्याच दिवशी घालून दिलं. ‘‘ज्या दगडाला शेंदूर लागलाय, नायतर ज्याच्यावर नक्षी हाय, त्यो आपला न्हवं.’’ किती खरं आहे! आपल्याकडे पडक्या देवळांचे, बारवांचे, किल्ल्यांचे दगड, गावाबाहेरचे वीरगळ लोक सर्रास पायात घालतात. छत्रपती शाहू महाराजांच्या काळातली लिंबची बारा मोटेची विहीर आपण आज तोंडात बोट घालून बघतो, कारण तिचे दगड कुणी उचलून नेले नाहीत. आपल्या घराचा, आपल्या मालकीचा किंवा मालकाला विचारून घेतलेलाच दगड वापरावा.

सतरा खेपा

काम काढलं २०२३ च्या एप्रिलमध्ये. मुद्दामच. तेव्हा पाणी सर्वांत कमी असतं आणि बेडकांचा अंडी घालायचा हंगाम पावसाबरोबर सुरू होतो, त्याआधी सगळं आटपायला हवं. आमच्या गटातल्या सहाजणी पदर खोचून उतरल्या. जलपर्णी ओढताना कळलं की हे नुसतं वर तरंगणारं प्रकरण नाही. खाली मुळांची केसाळ गादीच गादी. दर खेपेला पाण्यानं निथळणारं ओझं. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं म्हणे! दोन दिवसांत हातगाडीच्या सतरा खेपा झाल्या. मधेच एक लांबलचक दिवड सळसळत बाहेर आली आणि सहाही वाघिणी किंचाळत वर! दिवड बिनविषारी असते, मामांनी तिला काठीनं हळूच विहिरीकडच्या गवतात वाट करून दिली.

काढलेली झाडं लगेच लांब नेली नाहीत. एक रात्र काठावरच ठेवली. त्यात अडकलेले बेडूक, गोगलगायी, चतुरांच्या अळ्या रात्रीतून पाण्याकडे परत फिरतात. एका कोपऱ्यात घमेलंभर खोल पाणी त्यांच्यासाठी राखून ठेवलं होतं. चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, त्यांना मारून कसं चालेल? मग जलपर्णी कडक उन्हात वाळवली आणि नंतरच खड्ड्यात शेणाबरोबर कुजायला घातली. ओढ्यात किंवा नदीत तिचा एक तुकडासुद्धा टाकायचा नाही, नाहीतर आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात! खाली दीड फूट काळाकुट्ट गाळ होता. तो नारळ-केळीच्या आळ्यात घातला, कारण जलपर्णीचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. वाहत्या पाण्याजवळ तो गाळ पडायला नको.

राहिला पिंपळ. आईंनी निक्षून सांगितलं, ‘‘पिंपळावर कोयता चालवायचा नाही.’’ ह्यांची चिडचिड झाली. पण नाहीतरी ती बाजू उतरवायचीच होती. मामांनी एकेक दगड सुटा करत मुळं मोकळी केली. रोप ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवलं आणि पाऊस पडल्यावर नदीकाठी, इमारतींपासून लांब लावलं. जगलंय ते.

चुना आणि चूक

मामांनी सिमेंटला हात लावला नाही. भिजवलेला चुना, वाळू आणि विटांची बारीक पूड. विटांच्या पुडीमुळे चुना ओल्यातही घट्ट होतो, ही आपल्या जुन्या बांधकामांची युक्ती. सांध्यात दगडाच्या चिपा ठोकून बसवल्या. दगड हातात घेऊन मामा फिरवत राहायचे आणि एकदम म्हणायचे, ‘‘हां, हे ह्याचं तोंड.’’ दगडाची घडलेली बाजू बाहेर, ओबडधोबड बाजू आत. दोन थरांचे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. एका बाजूला तीन रुंद पायऱ्या केल्या, म्हणजे झाडांच्या कुंड्या ठेवता येतात आणि आत पडलेलं मांजराचं पिल्लूसुद्धा वर चढू शकतं.

तीन आठवडे आम्ही भिंतीवर ओली पोती टाकून पाणी मारत होतो. मग गुडघाभर पाणी भरलं. सकाळी बघतो तर वीतभर उतरलेलं! ह्यांनी काही न बोलता नुसतं माझ्याकडे बघितलं, त्यापेक्षा बोलले असते तर परवडलं असतं. पिंपळाचं एक मूळ कोपऱ्यात आतल्या बाजूला राहून गेलं होतं. ते कुजून पोकळी झाली आणि पाण्याला वाट मिळाली. मामांची मान खाली. ‘‘माजी चूक. मजुरी घ्यायचो न्हाई.’’ कोपऱ्याचे दोन थर उकलून, मूळ काढून पुन्हा बांधलं. मजुरी मी दिलीच. चूक कबूल करणारा माणूस आजकाल कुठे भेटतो? आणि उखळाची चूक मीही केलीच होती की!

नव्या चुन्याचं पाणी माशांना मारक असतं. म्हणून भिंती घासून, थोडं थोडं पाणी भरून दोनदा उपसून टाकलं. खर्च एकूण ३८ हजार. बुजवण्याच्या पाचपटीला थोडा कमी. ह्यांनी हा हिशेब मला दोनदा ऐकवला!

पहिल्या पावसाचं छपरावरचं गढूळ पाणी बाहेर सोडलं, मग पन्हळ तळ्याकडे वळवली. जुलै संपता संपता तळं भरलं. सोळा हजार लिटर तरी पाणी असेल. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गप्पी मासे फुकट मिळाले. हे मासे डासांच्या अळ्या फस्त करतात. पण ते परदेशी आहेत, नदी-ओढ्यात सोडायचे नाहीत. एका कुंडीत कुमुद, पायरीवर वेखंड, एवढीच झाडं. निम्म्याहून जास्त पाणी उघडं दिसलं पाहिजे, हा माझा नियम. दर शनिवारी मी तळ्याभोवती फिरते. आजही जलपर्णीचं एखादं नखाएवढं रोप डोकं वर काढतं. ते मी तिथल्या तिथं उचलते. कौतुक आता पुरे!

आणि हो, ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी गुडघाभर पाण्यालाही भ्यावं. आम्ही दोन फुटांचा कठडा करून वर लोखंडी जाळी बसवली, कुलूपासकट.

उखळाचं काय केलं?

उखळ फेकून द्यायला मन होईना. मामांना विचारलं. त्यांनी त्याच्या बुडाला छिन्नीनं आरपार भोक पाडलं आणि पन्हळीखाली कठड्यात बसवून टाकलं. आता पावसाचं पाणी पन्हळीतून उखळात पडतं आणि उखळातून तळ्यात. थेंबभरसुद्धा साठत नाही.

मी एक दिवस धीर करून काकूंकडे गेले. ‘‘काकू, तळ्यापेक्षा आमचं उखळ वाईट निघालं. माझं चुकलं,’’ एवढंच म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. चहाही विचारला नाही. मी आपली परत आले.

दोन पावसाळे गेले. २०२४ च्या श्रावणातली गोष्ट, दुपारी परसात पावलं वाजली. काकूंचा नातू जाळीला नाक लावून गप्पी मासे मोजत होता. मागे काकू उभ्या. ‘‘ऐकेचना. मासे बघायचे म्हणाला.’’ आईंनी त्यांना पायरीवर बसवून घेतलं आणि विचारलं, ‘‘तुझ्या सासूनं तुला कधी बहात्तर सालचं सांगितलं होतं का गं?’’ काकूंनी नकारार्थी मान हलवली. मग आईंनी सगळं सांगितलं, पहाटेचं शेंदणं, एक घागर तिची, एक माझी.

काकू उठल्या तेव्हा त्यांनी कठड्यातल्या त्या उखळावरून हात फिरवला. जाताना म्हणाल्या, ‘‘शनिवारी तू साफ करतेस ना? मला हाक मार. कंबर दुखते, पण बसून वेचीन.’’

‘तळं राखील तो पाणी चाखील’ असं आपण म्हणतो आणि डोळे मिचकावतो. मला मात्र ती म्हण आता सरळ अर्थानंच पटते. शनिवारी सकाळी आम्ही दोघी तळ्यावर असतो. बोलणं अजून पहिल्यासारखं होत नाही. पण पाणी नितळ आहे, तळ दिसतो.